पडवीचा दीड महिना: घटस्थापनेपासून त्रिपुरीपर्यंत दाराशी काय लावावं

नवी मुंबईतल्या बेलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे, तो थोडक्यात सांगते. चार वर्षं अमेरिकेत राहून त्या गेल्या वर्षी परतल्या. सेक्टरमधलं बैठं घर, दाराबाहेर आठ बाय पाच फुटांचा पोर्च, वर स्लॅबचा सज्जा, पण समोरून पावसाची झड आत येते. तिकडे सप्टेंबर सरता सरता घरोघरी दारावर लाल-नारिंगी पानांचं कडं, पायऱ्यांवर भोपळे, खांबाला मक्याची ताटं बांधलेली असायची. ते त्यांना फार आवडायचं. इथे आल्यावर त्यांनी क्रेप कागदाची मेपलची पानं कापली, पुठ्ठ्याच्या गोलावर चिकटवली आणि गणपती गेल्यावर दारावर लावली. घटस्थापनेच्या आत पानांनी मान टाकली आणि पुठ्ठ्याच्या मागे हिरवी बुरशी धरली. त्या विचारतात, ‘हाताने केलेलं, प्लास्टिक नसलेलं आणि दिवाळीपर्यंत टिकणारं असं काही आपल्या हवेत होऊच शकत नाही का?’

होतं. ठाण्याच्या नौपाड्यात मी गेली बावीस वर्षं तोरणं आणि कंदील करते आणि शिकवते. या काळात बुरशी मीही भरपूर पाहिली आहे. ताई, तुमचा हात चुकला नाही, तारीख चुकली. आणि थोडं सामानही चुकलं.

आधी पानांचं बोलू. आपल्याकडे शरदात पानगळ होत नाही. आश्विनात येऊरचा डोंगर किंवा तुमच्या घरामागचा पारसिकचा डोंगर बघा, वर्षातला सगळ्यात दाट हिरवा रंग तेव्हाच असतो. साग उघडा पडतो तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. म्हणून इथे सप्टेंबरमध्ये लावलेलं वाळक्या पानांचं कडं मला चुकीच्या तिथीला आलेल्या पाहुण्यासारखं वाटतं. माणूस चांगला, पण घरात अजून कुणाची तयारी नाही. आपल्या शरदात पान गळत नाही, दाणा पिकतो. मुरबाड, शहापूर, कर्जतकडे लवकर पिकणारं हळवं भात दसऱ्याच्या आगेमागे कापणीला येतं, उशिरा पिकणारं गरवं दिवाळीच्या सुमाराला. झेंडू भरात असतो. बांधाबांधावर कुरडूची रानफुलं उभी असतात. अमेरिकेतल्या पोर्चवर मक्याची ताटं आणि भोपळे येतात तेही कापणीचा हंगाम म्हणूनच. तेव्हा तुम्हाला आवडलेली गोष्ट इथे आहेच, फक्त तिचं पीक वेगळं आहे.

कोकणात आणि आपल्या ठाणे पट्ट्यात याला ‘नवं’ म्हणतात. भाताच्या लोंब्या, नाचणीचं, वरीचं कणीस, कुरडूचा तुरा, झेंडूचं फूल, आंब्याचं पान असं एकत्र बांधून दाराच्या चौकटीला लावायचं. कुठे दसऱ्याला, कुठे कोजागरीला. त्या पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात ते उगाच नाही. शहरात आलेल्या पिढीने हे बांधणं सोडलं, बाजारातून प्लास्टिकची आंब्याची पानं आणली आणि मग सजावटीच्या कल्पना बाहेर शोधायला लागली. असो.

आता तारखेचं. आपल्याकडे सजावटीचं सामान निवडताना रंग नंतर, हवा आधी. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस परतण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्याआधी हवेत इतका दमटपणा असतो की कागद पाणी ओढतो, खळ पुन्हा मऊ होते, पेंढा कुजायला लागतो. त्यानंतर आठ-दहा दिवसांत ऑक्टोबरची काहिली सुरू होते आणि तेच सामान कडकडीत वाळतं. आणि सण तर तिथीवर चालतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, दसरा आला २४ ऑक्टोबरला, तोवर अंगण कोरडं ठाक. २०२५ मध्ये दसरा होता २ ऑक्टोबरला, म्हणजे अख्खं नवरात्र पावसाळ्यात. एकाच दसऱ्यासाठी दोन वर्षी दोन वेगळी सामानं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी कात्री हातात द्यायच्या आधी कालनिर्णय उघडायला लावते.

तुमच्यासाठी मी हा दीड महिना असा लावला असता: पाऊस असेपर्यंत कापड, पाऊस गेला की लोंब्या आणि कुरडू, ताजी फुलं फक्त सणाच्या त्या त्या दिवशी, आणि कागद सगळ्यात शेवटी, दिवाळीला.

कापडाचं पटकन सांगते, कारण त्यात फारशी गंमत नाही, पण ते लागतंच. खणाचं कापड किंवा जुन्या सुती साडीचे काठ घ्या, आतून बक्रमचं कडक अस्तर लावून पताका शिवा. दार साडेतीन फुटी असेल तर सहा इंच रुंदीच्या सात पताका बरोबर बसतात. वरची पट्टी मात्र दोन इंच जास्त ठेवा, कारण धुतल्यावर सुती कापड आटतंच. गोंडे लोकरीचे करा, रेशमाचे नकोत, रेशमाचा रंग ओलाव्याने उतरून भिंतीवर ओघळतो. चौकटीच्या वर दोन्ही टोकांना पितळी हूक एकदाच कायमचे ठोकून घ्या. चिकटवायचे हूक पावसाळी रंगावर धरत नाहीत, रात्री तोरणासकट खाली येतात आणि घरात चोर शिरल्यासारखे सगळे उठतात. टॉवरमध्ये राहणाऱ्यांची चौकट ग्रॅनाइटची असते, तिथे भोक पाडायचं नसेल तर चौकटीच्या आत ताणून बसणारा पडद्याचा रॉड लावा. असं तोरण घटस्थापनेला लावलं की पाऊस येवो न येवो, चिंता नाही. आणि दरवर्षी तेच निघतं.

आता तुमच्या कड्याकडे येते. पुठ्ठा नको, थर्माकोल तर नकोच. सजावटीचं थर्माकोल राज्यात २०१८ पासून बंद आहे, तरी गल्लीबोळांत अजून मिळतं. कड्यासाठी आपल्याकडे पेंढ्याची चुंबळ आहे. बायका डोक्यावर हंडा ठेवायला जी करतात तीच, फक्त मोठी. मूठभर मोठा पेंढा घ्या, अर्धा तास कोमट पाण्यात बुडवा म्हणजे मोडत नाही. तो दोरखंडासारखा पिळत जा, संपत आला की नवा पेंढा आत सारा, आणि मनगटाएवढ्या जाडीचं, बाहेरून बाहेर फूटभराचं कडं झालं की टोकं एकमेकांत खुपसून वरून सुतळीचे घट्ट वेढे द्या. पहिलं कडं अंडाकृती होतं, सगळ्यांचं होतं. ओलं असतानाच पातेल्यावर चढवून ठेवा, वाळताना गोल बसतं. सावलीत, पंख्याखाली पाच-सहा दिवस. उन्हात ठेवाल तर सोनेरी रंग जाऊन पांढरट होईल.

या कड्यावर लावायचा कुरडू. तुमच्या नवी मुंबईत तो विकत घ्यायची गरज नाही. रिकाम्या प्लॉटवर, रस्त्याच्या कडेला पावसाळा सरताना गुलाबी-पांढरे, मेणबत्तीच्या ज्योतीसारखे तुरे उभे दिसतात ना, तो कुरडू. लोक त्याला तण म्हणतात. मला विचाराल तर आपल्या हवेत वाळूनही रूप न सोडणारं इतकं चांगलं फूल दुसरं नाही. वीतभर देठ ठेवून कापा, दहा-दहाच्या जुड्या करा, उलट्या टांगून आठवडाभर वाळवा. येऊरच्या वरच्या अंगाला जाऊन मात्र तोडू नका, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथलं पानही आणायचं नसतं. वाळल्यावर प्रत्येक जुडी वर्तमानपत्रावर आपटून घ्या. त्यातून मोहरीपेक्षा बारीक काळं बी पडतं. मी पहिल्या वर्षी ते केलं नाही. दारासमोर बी सांडलं, वाऱ्याने कुंड्यांत गेलं, आणि पुढच्या जुलैत माझ्या तुळशीत, कोरफडीत, शेजारणीच्या गुलाबात कुरडूच कुरडू. शेजारीण अजून बोलून दाखवते.

बांधायची पद्धत अशी. पाच-सहा तुऱ्यांचा एक झुबका कड्यावर आडवा ठेवा, देठांवर दोऱ्याचे तीन वेढे द्या, दोरा तोडू नका. पुढचा झुबका असा ठेवा की त्याच्या तुऱ्यांखाली आधीच्याचे देठ झाकले जातील. एकाच दिशेने फिरत जायचं. फूटभर कड्याला माझे पंचवीस ते तीस झुबके लागतात, म्हणजे दीडशेच्या आसपास तुरे. शेवटचा झुबका पहिल्याच्या खाली सरकवताना जरा खटपट होते, तिथे दाभणाने जागा करून घ्या. गोंद कुठेही नाही, म्हणून बुरशीला धरायला काही नाही. तुमच्या पहिल्या कड्यात बुरशी लागली ती कागदाला नव्हे, चिकटवलेल्या थराला आणि पुठ्ठ्याला, आधी तिथेच लागते. मध्ये रंग हवा असेल तर कोंबडा नावाच्या झाडाची किरमिजी फुलं घाला, तीही वाळून रंग धरतात. गुंजा मात्र वापरू नका. लाल-काळ्या, इतक्या सुंदर दिसतात की मोह होतो, पण बी विषारी आहे आणि पोर्चमध्ये लहान मुलं येतात.

लोंब्यांचं काम याच्यापेक्षा नाजूक. दसऱ्याच्या आधी दोन-तीन दिवस ठाण्यात जांभळी नाक्याला, स्टेशनच्या आसपास गावाकडच्या बायका लोंब्यांच्या पेंढ्या, आंब्याचे टाळे, आपट्याच्या फांद्या घेऊन बसतात. सकाळी सातच्या आत जा. घासाघीस करू नका, त्या पहाटेची पहिली गाडी पकडून आलेल्या असतात. लोंबी निवडताना दाणा सोनेरी व्हायला लागलेला, पण देठात अजून पोपटी रंग असलेला हवा. पूर्ण पिकलेली घेतलीत तर दारात हात लागला की दाणे झडतात. देठ किमान फूटभर हवा, कारण वेणी देठांचीच घालायची असते.

तीन-तीन लोंब्यांचे तीन पेड घ्या आणि साधी वेणी घाला, केसांची घालतो तशी. दर दोन बोटांवर प्रत्येक पेडात एक नवी लोंबी सामील करत जा, म्हणजे कणसं एका बाजूला झालरीसारखी लोंबत राहतात. वाळक्या लोंब्या असतील तर आधी देठ तेवढे कोमट पाण्यात भिजवा, कणसं बाहेर ठेवा. ओला दाणा आपल्या हवेत दोन दिवसांत मोड धरतो. हे मी ऐकीव सांगत नाही, एका वर्षी माझ्या तोरणाला हिरवे कोंब आले होते. दिसत होतं छान, पण वास येत होता.

लोंब्यांचे दोन शत्रू. पहिला पोरकिडा. वेणी घालण्याआधी लोंब्या पिशवीत गच्च बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, किडा आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी खोलीच्या हवेवर येऊ द्या, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. दुसरी शत्रू चिमणी, आणि तिच्यावर उपाय करायचा नसतो. पूर्वी पडवीत लोंब्यांचा झुबका टांगायचे तो चिमण्यांसाठीच. बेलापुरात अजून चिमण्या आहेत, तुमच्या पोर्चमध्ये त्या येणारच. दारावर एक वेणी आणि लांब कोपऱ्यात एक वेगळा झुबका टांगा. त्या कोपरा पसंत करतात, दार वाचतं. बहुतेक वेळा.

झेंडूवर सगळ्यांना वाटतं आपल्याला येतंच, म्हणून तिथे जास्त चुका होतात. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी फूल सर्वांत महाग आणि सर्वांत ओलं असतं. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेलं असतं. तेच फूल घरी आणून लगेच ओवलं की मधून कुजतं, दुसऱ्या दिवशी बोंडी काळी पडते. घरी आल्यावर आधी वर्तमानपत्रावर पसरा, पंख्याखाली तासभर. ओवताना सुई पाकळ्यांतून न घालता हिरव्या बोंडीतून आरपार घाला, फूल फिरत नाही आणि गळत नाही. फुटाला मध्यम आकाराची सात-आठ फुलं पुरतात. घट्ट ओवायचा हव्यास नको, फुलांना एकमेकांत वारा लागला पाहिजे. साडेतीन फुटी दारावर झोळ धरून पाच फूट माळ, आणि दोन बाजूंना तीन-तीन फूट लोंबती, म्हणजे अकरा फूट, ऐंशी ते नव्वद फुलं. मी किलोपेक्षा थोडी जास्तच घेते, कारण डागाळलेली काढावी लागतात. तोरण लावल्यावर ताजं राहावं म्हणून पाणी शिंपडू नका. झेंडूला पाणी म्हणजे सडायला आमंत्रण.

आंब्याचं पान पुसून घ्यायचं, धुतलं तर पूर्ण कोरडं करायचं. नवी कोवळी तांबूस पानं नकोत, ती दुपारपर्यंत वळतात. जून, गडद हिरवी घ्या. देठाकडे घडी घालून बारीक बांबूच्या काडीने टाचा. स्टेपलरने काम झटपट होतं हे मला माहीत आहे, मीही घाईच्या ऑर्डरला वापरला आहे, पण नंतर निर्माल्य खतात टाकताना पिना वेचत बसावं लागतं.

आपट्याबद्दल एक तळमळ. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून जे विकलं जातं त्यात पुष्कळदा कांचनाची पानं असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदी जास्त. कांचनाचं मोठं आणि मऊ. दोन्ही झाडं या चार दिवसांत ओरबाडली जातात. दारावर लावायला दहा-बारा पानं वहीत दाबून वाळवलेली पुरतात, ती दरवर्षी वापरता येतात. जाड सोनेरी कागदाची कापून केली तरी चालतात, मुलांना हे काम द्या, दोन पाळ्यांचा आकार कापायला सोपा आहे.

पोर्चच्या बाजूच्या भिंतीवर काय करावं, असंही ताईंनी विचारलं होतं. वारली करा, पण थेट भिंतीवर नको. तीन बाय दोन फुटांची प्लायची फळी घ्या, गेरू कालवून दोन हात द्या, वाळू द्या. मूळ रीतीत तांदळाच्या पिठाच्या पाण्याने, बांबूच्या चेचलेल्या काडीने काढतात. दमट हवेत पीठ म्हटलं की मुंग्या आणि झुरळं आलीच, म्हणून पोर्चसाठी पांढरा अॅक्रिलिक वापरा, काडी मात्र बांबूचीच घ्या. ब्रशची रेघ फार गुळगुळीत येते, ते वारली वाटत नाही. कापणी, झोडणी, तारपा या फुंकवाद्याभोवतीचा नाच हे विषय या दिवसांना शोभतात. लग्नचौक मात्र काढू नका. तो लग्नघरात सवाशिणी काढतात, त्याला त्याचा विधी आहे, आपण तो दारावर शोभेला लावणं मला पटत नाही. ही कला आपल्या शेजारची, आताच्या पालघर जिल्ह्यातली. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तारप्याभोवतीचा नाच काढण्याआधी त्यांची चित्रं नीट बघा. माणसं वर्तुळात नसून आत वळत जाणाऱ्या वळशात असतात, आणि नाचणाऱ्यांची पाठ तारपेवाल्याकडे कधीच नसते.

आता दिवाळी. कागद बाहेर काढायची वेळ. कंदील एकदा तरी घरी कराच, आणि तो आपला जुना, चौकोन-त्रिकोणांचा. अनेकांना तो अवघड वाटतो, कारण सांगाडा कसा आहे हे कुणी उलगडून सांगत नाही. सगळ्या मिळून चोवीस काड्या, सगळ्या एकाच लांबीच्या. बुरडाकडून कामट्या आणा, पेनातल्या रिफिलएवढ्या जाडीच्या, नऊ-नऊ इंच कापा. आधी चार-चार काड्यांचे चार चौकोन बांधा, सोळा काड्या संपल्या. हे चौकोन टोकावर उभे करा, शंकरपाळ्यासारखे, आणि एकाचा उजवा कोपरा दुसऱ्याच्या डाव्याला बांधत गोल पुरा करा. आता वर चार टोकं आली, खाली चार. वरची चार टोकं चार काड्यांनी जोडा, खालची चार चारांनी. झाला सांगाडा. चौकोन सहा आणि त्रिकोण आठ दिसतील. उंची साधारण पावणेतेरा इंच भरते.

हा नुसता सांगाडा हातात धरला की पिळतो, डुलतो, एका बाजूला झुकतो. इथे नव्वद टक्के लोक घाबरून गाठी सोडतात. सोडू नका. चौकोनाची ती खोडच आहे, कागद लागला की ताठ होतो. वरच्या चौकोनात एक वेगळी, जास्त लांब आडवी काडी मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बांधा, होल्डर तिला टांगायचा आहे. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, म्हणजे कागद फक्त चार चौकोनांना आणि आठ त्रिकोणांना.

पतंगी कागदाचा वीस बाय तीस इंची ताव मिळाला तर त्यात दहा इंचाचे सहा चौकोन निघतात. चारही बाजूंनी अर्धा इंच दुमडायला. चौकोन एका रंगाचे, त्रिकोण पांढरे ठेवले तर उजेड चांगला पडतो, सगळेच गडद केले की कंदील दिसतो पण उजळत नाही. चिकटवायला मैद्याची खळ करा. वाटीभर मैद्याला चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे, ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला नको, मुलं चिकटवत असतील तर मोरचूद गाळा आणि फेविकॉल वापरा. कागद चिकटला की ओल्या फडक्याचा नुसता हात वरून फिरवा. वाळताना तो ढोलकीसारखा ताणून बसतो. मग कडांना सोनेरी पट्टी, कोपऱ्यांवर कागदाच्या करंज्या, खाली झिरमिळ्या. झिरमिळ्या दीड फुटापेक्षा लांब नकोत, बेलापूरला खाडीचं वारं संध्याकाळी जोरात येतं, गुंता होतो.

एकदा मी वाळायला म्हणून तीस कंदील गच्चीवर ठेवले होते. वसुबारसेच्या आधीचा आठवडा, आभाळ निरभ्र. तीन वाजता ढग आले, साडेतीनला वीज, चारला तीस सांगाडे आणि गच्चीभर रंगीत पाणी. तेव्हापासून ऑक्टोबरमध्ये दुपारी तीननंतर मी काहीही उघड्यावर ठेवत नाही, आकाश कितीही निळं असो.

दिवा एलईडीच, पाच ते सात वॅटचा, पिवळसर उजेडाचा. जुने चाळीस-साठ वॅटचे दिवे कागद तापवतात. कंदिलाचं वजन वायरवर कधी येऊ देऊ नका, वेगळी सुतळी बांधून ती हुकाला लावा आणि वायर सैल सोडा. पोर्चमधला प्लग पावसाच्या झडीत येत असेल तर वायर घरातूनच घ्या.

आणि हे जरा गंभीरपणे ऐका. पेंढ्याचं कडं आणि लोंब्या दिवाळीपर्यंत अगदी कोरड्या झालेल्या असतात, ठिणगीला वेळ लागत नाही. वसुबारसेलाच त्या दारावरून उतरवून आतल्या भिंतीला हलवा, किंवा ठेवणारच असाल तर त्यांच्या खाली आणि तीन फुटांच्या आत पणती नको. पणत्या उंबऱ्यापासून बाजूला, पायरीच्या कडेला ठेवा. चार-पाच तास पाण्यात बुडवून मग वाळवलेली पणती तेल कमी पिते, हे तुम्हाला आईने सांगितलंच असेल. इमारतीत राहणाऱ्यांनी पॅसेजमध्ये फक्त स्वतःच्या चौकटीवर सजावट करावी, जिन्याची वाट मोकळी ठेवावी.

दिवाळी झाली की बरेच जण सगळं उतरवतात. मी तुळशीच्या लग्नापर्यंत कापडी तोरण ठेवते आणि त्रिपुरीला उतरवते. कुरडूचं कडं वर्तमानपत्रात सैल गुंडाळून, दोन कडुलिंबाच्या डहाळ्या घालून कपाटावर ठेवलं की पुढच्या आश्विनात पुन्हा लागतं. माझं एक तीन वर्षं चाललं, रंग फिका झाला होता इतकंच. लोंब्या ठेवू नका, त्या चिमण्यांना द्या. दसऱ्याचा झेंडू सावलीत वाळवा आणि बोंडीतलं काळं-पांढरं बी कागदी पुडीत ठेवा. आषाढी एकादशीला पेरलंत तर दसऱ्याला बरोबर तीन महिने मिळतात. महिन्याने शेंडा खुडा, फांद्या फुटतात, फुलं दुप्पट येतात. तुमच्या पोर्चच्या कडेला चार कुंड्या मावतील, तेवढ्यात दाराची माळ घरच्या फुलांची होते.

राहता राहिला तुमचा भोपळा, ताई. तो जरूर ठेवा. वाशीच्या मार्केटमधून लाल भोपळा आणताना देठ शाबूत असलेला बघा. देठ तुटला की तिथूनच सडतो. नखाने टोचून सालीला खूण पडली नाही म्हणजे तो पुरता जून आहे. त्याला थेट लादीवर ठेवू नका, खालून घाम धरतो. उरलेल्या पेंढ्याची छोटी चुंबळ करा आणि तिच्यावर बसवा, झड येते त्या बाजूला नको. कोरायचा नाही. कोरलेला भोपळा तिकडच्या थंडीत टिकतो, आपल्याकडे तिसऱ्या दिवशी त्यात चिलटं होतात. अख्खा असेल तर घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत सहज राहतो. मग तो आत घ्या, किसा, गूळ आणि कणिक घालून घारगे करा. चार इकडेही पाठवलेत तरी चालतील.